वाचकांचे प्रश्न: प्लास्टिकचं तेल होतं, पण कुठल्या प्लास्टिकचं?

मागच्या अंकात कचऱ्यावर लिहिताना "प्लास्टिकपासून इंधनसुद्धा बनवता येतं" असं एका ओळीत लिहून मी पुढे गेलो होतो, आणि त्या एका ओळीवर एवढे मेल आलेत की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: व्हिडिओमध्ये एक जण ड्रममध्ये कॅरीबॅग्ज कोंबतो, झाकण लावतो, खाली जाळ करतो आणि पाइपच्या दुसऱ्या टोकातून तेल टपकायला लागतं, मग तो ते पेटवून पण दाखवतो. हे खरं असतं का सगळं एडिटिंग?

खरं असतं. याला पायरॉलिसिस म्हणतात आणि यात जादू वगैरे काही नाही. प्लास्टिक मुळात पेट्रोलियम किंवा नैसर्गिक वायूपासूनच बनतं. कॅरीबॅग म्हणजे पॉलिइथिलीन, म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, एकेका साखळीत हजारोंनी कार्बन अणू आणि त्यांना चिकटलेला हायड्रोजन, बस. पेट्रोलमध्ये पण कार्बन-हायड्रोजनच असतात, फक्त साखळ्या आखूड, साधारण ५ ते १२ कार्बनच्या, डिझेलमध्ये त्याहून थोड्या लांब. आता कॅरीबॅग हवा न लागू देता ३५० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की त्या साखळ्या जागोजागी तुटतात, तुकडे वाफ होऊन वर येतात, ती वाफ थंड केली की तेल. "हवा न लागू देता" हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण हवा मिळाली तर प्लास्टिक नुसतं जळेल, धूर होईल, तेलबिल काही मिळणार नाही.

पण साखळी कुठे तुटेल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे निघतं ते पेट्रोलही नाही आणि डिझेलही नाही, सगळ्याची खिचडी असते. आखूड तुकड्यांचा गॅस होतो जो थंड करूनही द्रव होत नाही, मधल्यांचं तेल, आणि लांब राहिलेल्यांचं वॅक्स म्हणजे मेण. नुसत्या उष्णतेवर पॉलिइथिलीन तापवलं तर मेणच भरपूर येतं, आणि ते कंडेन्सरच्या पाइपमध्ये थंडीतल्या खोबरेल तेलासारखं घट्ट होऊन बसतं, पाइप तुंबतो, आत प्रेशर वाढतं, आणि मग काय होतं ते पुढच्या प्रश्नात. मोठ्या प्लांटमध्ये झिओलाइटसारखा कॅटॅलिस्ट (क्रियेला मदत करणारा पदार्थ) वापरतात, त्याने साखळ्या अजून बारीक तुटतात आणि मेण कमी होतं.

आणि तो पेटवून दाखवतो ना, त्याने काहीच सिद्ध होत नाही. मेणबत्ती पण पेटते. इंजिनात चालणं ही वेगळी परीक्षा आहे.

प्रश्न: माझ्या मेव्हण्याने जुना कुकर आणि तांब्याचा पाइप आणून ठेवलाय, घरामागे छोटा प्रयोग करायचा म्हणतो. एक-दोन किलोच आहे, तर चालेल ना?

नाही चालणार, आणि कृपा करून त्याला आजच्या आज थांबवा.

का ते सांगतो, नाहीतर "सर घाबरवतात" म्हणून तो ऐकणार नाही. प्रत्येक ज्वलनशील वाफेचं एक तापमान असतं ज्याच्या वर तिला ठिणगी लागतच नाही, हवा मिळाली की ती आपली आपण पेटते. पेट्रोलच्या वाफेसाठी हे साधारण २५० ते २८० अंश, डिझेलसाठी त्याहूनही कमी. आणि त्या कुकरमधलं तापमान किती, ४०० च्या वर. म्हणजे आतली सगळी वाफ आधीच "पेटायला तयार" अवस्थेत आहे, अडवून धरलंय फक्त आत हवा नाही या गोष्टीने. गॅस्केट मऊ पडलं, जोड सैल झाला, किंवा जाळ काढून घेतल्यावर कुकर थंड होताना आत व्हॅक्यूम तयार होऊन पाइपमधून हवा उलटी ओढली गेली, की झालं. हा शेवटचा प्रकार लोकांना माहीतच नसतो, त्यांना वाटतं जाळ बंद केला म्हणजे धोका संपला, उलट थंड होतानाचा वेळ पण तेवढाच वाईट. खऱ्या प्लांटमध्ये चालू करायच्या आधी आणि बंद करताना नायट्रोजन सोडून हवा हाकलतात, प्रेशर सुटायला व्हॉल्व्ह असतात, उरलेला गॅस सुरक्षित जाळायची सोय असते. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह १२० अंशाच्या आसपासच्या पाण्याच्या वाफेसाठी बनवलेले असतात, ४०० अंशाच्या हायड्रोकार्बनसाठी नाही, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशाला वितळतं, त्याच्या बऱ्याच आधी त्याची ताकद जाते.

शिवाय स्फोट झाला नाही तरी वास घेणार आहात ना? त्या वाफेत बेंझिन असू शकतं आणि बेंझिनने कॅन्सर होतो, हे संशयाच्या यादीतलं नाही, पक्कं ठरलेलं आहे. त्यात चुकून पीव्हीसीचा तुकडा गेला तर हायड्रोजन क्लोराइड, जे फुप्फुसात ओलाव्याला भेटलं की ॲसिड होतं.

त्याला खरंच हौस असेल तर पुढच्या उत्तरातला बादलीचा प्रयोग करू दे.

प्रश्न: बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय. सगळं प्लास्टिक चालतं का? मला कुठे "एनी प्लास्टिक" असं लिहिलेलं दिसलं.

"एनी प्लास्टिक" लिहिणाऱ्याला काहीतरी विकायचं असतं, एवढं लक्षात ठेव.

वस्तूच्या तळाला त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने ही पद्धत काढली. तेलासाठी कामाचे आकडे म्हणजे २ आणि ४ (दोन्ही पॉलिइथिलीन, एक कडक एक मऊ), ५ (पॉलिप्रॉपिलीन) आणि ६ (पॉलिस्टायरीन, थर्माकोल यातच आला). यांच्यात कार्बन-हायड्रोजन सोडून फारसं काही नसतं. थर्माकोलची गंमत वेगळी आहे, त्याच्यातून डिझेलसारखं तेल येत नाही, ते मोडून बरंचसं परत स्टायरीनच होतं, म्हणजे ज्या रसायनापासून ते बनवलं होतं तेच. ते जाळण्यापेक्षा त्याचं परत पॉलिस्टायरीन करणं शहाणपणाचं.

आता भांडखोर मंडळी. आकडा १, पेट, म्हणजे पाण्याची बाटली. याच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजन असतो, तो काही जळत नाही, त्यामुळे तेल कमी निघतं आणि वरून टेरेफ्थॅलिक ॲसिडसारखे घन पदार्थ वाफेबरोबर उडून थंड पाइपमध्ये पांढऱ्या भुकटीसारखे जमतात. परत तुंबणं आलंच. बाटलीचं रिसायकलिंग तसंही चांगलं होतं, ती इथे आणायचीच कशाला.

आकडा ३, पीव्हीसी, हा खरा व्हिलन. वजनाच्या ५७ टक्के क्लोरीन! आणि तो २००-३०० अंशालाच हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडायला लागतो, म्हणजे बाकीचं प्लास्टिक तुटायच्या आधीच. स्टील खातो, कॅटॅलिस्ट मारतो, आणि उरलेला क्लोरीन तेलात जातो जिथून तो काढणं महाग पडतं. म्हणून ज्या प्लांटना मिश्र कचरा घ्यावाच लागतो ते दोन टप्प्यात तापवतात, आधी ३०० च्या आसपास धरून क्लोरीन घालवायचा, तो चुन्यात किंवा पाण्यात पकडायचा, आणि मग पुढे तापवायचं. नायलॉनमध्ये नायट्रोजन, त्यातून हायड्रोजन सायनाइडसुद्धा निघू शकतं.

प्रोजेक्टसाठी दोन सोपे प्रयोग देतो. पहिला, बादलीभर पाणी घे, वेगवेगळ्या प्लास्टिकचे छोटे तुकडे धुऊन त्यात टाक आणि बोटाने एकदा बुडव, कारण पृष्ठताणामुळे जड तुकडाही वर राहू शकतो आणि फसवतो. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते तरंगतं. पेटची घनता १.३८ च्या आसपास, पीव्हीसी पण १.३ च्या वर, दोन्ही तळाला. नुसत्या पाण्याने तेलाला लायक आणि नालायक असे दोन गट पडले की नाही? कडक पॉलिस्टायरीन तेवढं बुडतं, १.०५ असल्यामुळे, पण पाण्यात भरपूर मीठ घातलं तर ते वर येतं आणि पेट-पीव्हीसी खालीच राहतात. दुसरा प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली, मॅडम-सरांसमोर: तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, गरम असतानाच तळाला गेलेल्या तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. याला बाइलस्टाइन टेस्ट म्हणतात. तुकडा नखाएवढाच घे.

चिप्सच्या पुड्या, शॅम्पूची पाउचेस यांचं काय असं तू विचारशीलच. त्यात थरावर थर असतात, कधी पॉलिप्रॉपिलीनवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा, कधी पेट आणि पॉलिइथिलीन चिकटवलेलं, त्यामुळे आकड्याच्या जागी बहुतेक वेळा ७ किंवा काहीच नसतं. यांचं रिसायकलिंग जवळपास होत नाही, तेल मात्र निघू शकतं, शाईची आणि धातूची राख जास्त राहते एवढंच.

प्रश्न: निघालेलं तेल डायरेक्ट बाइकमध्ये किंवा जनरेटरमध्ये टाकलं तर?

बाइकमध्ये नको. जनरेटर चालेल, काही दिवस, मग कुरकुरायला लागेल.

कारण सांगतो. एक तर या तेलात पेट्रोलसारखा हलका भाग पण असतो, त्यामुळे ते फार कमी तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. युरोपच्या डिझेलच्या मानकात, ईएन ५९० मध्ये, हे तापमान, म्हणजे फ्लॅश पॉइंट, ५५ अंशाच्या वर असायलाच हवं म्हणून सांगितलंय, म्हणजे डिझेलचा कॅन उन्हात राहिला तरी धोका कमी. हे खिचडी तेल "डिझेल" म्हणून कॅनमध्ये भरून ठेवलं तर ते वागणार पेट्रोलसारखं आणि तुम्ही त्याला वागवणार डिझेलसारखं. दुसरं, साखळ्या तुटताना टोकांना डबल बाँड (दोन कार्बनमधले दुहेरी बंध, जे सहज दुसऱ्या कशाशी जोडले जातात) राहतात आणि असं तेल ठेवून ठेवलं की काळपट होतं, तळाला चिकट गोंद जमतो, तो फिल्टर आणि इंजेक्टरमध्ये बसतो. तिसरं, मेण. चौथं, क्लोरीन.

वापरण्याजोगं करायचं तर त्याचं डिस्टिलेशन करून हलका आणि जड भाग वेगळा करावा लागतो, आणि चांगलं करायचं तर हायड्रोजन लावून डबल बाँड मोडावे लागतात, म्हणजे छोटी रिफायनरीच झाली. म्हणून बरेचसे प्लांट हे तेल बॉयलर आणि भट्ट्यांसाठी देतात, तिथे लाड कमी चालतात. हे वाईट नाही, फक्त जाहिरातीत "डिझेल" लिहिलेलं असतं ते आणि हे एकच समजू नका.

प्रश्न: एक किलो प्लास्टिकपासून एक लीटर तेल मिळतं असं ऐकलंय. मग हे जगभर का नाही? तेल कंपन्या दाबून ठेवतात का?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दात सगळ्यात जास्त वेळा आलाय. दाबून कोणी ठेवलेलं नाही, उलट तेल कंपन्या स्वतःच यात पैसे घालतात.

किलोला लीटर हा आकडा वरच्या टोकाचा आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, लीटरचं वजन पाऊण किलोच्या जरा वर, म्हणजे किलोतून लीटर हे अशक्य नाही पण त्यासाठी माल स्वच्छ, कोरडा, एकाच जातीचा पाहिजे. जपानच्या अकिनोरी इतो यांचं टेबलावर मावणारं यंत्र खूप गाजलं, त्यात हाच आकडा सांगतात, पण त्यात घरातलं निवडलेलं प्लास्टिक जातं. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली प्रायोगिक प्लांट सुरू झाला तो दिवसाला १ टन प्लास्टिकचा, त्यातून ८०० लीटर डिझेल असं जाहीर झालं होतं. हा आकडा मला जास्त पटतो, वजनात पाहिलं तर साधारण दोन तृतीयांश. उरलेल्यातला बराच गॅस होतो, तो तिथेच जाळून रिॲक्टर तापवायला वापरतात, त्यामुळे एकदा गाडी चालू झाली की बाहेरचं इंधन फार लागत नाही.

अडचण यंत्रात नाहीच, अडचण यंत्राच्या तोंडाशी आहे. रोज, न चुकता, ठरलेल्या जातीचं, धुतलेलं प्लास्टिक कोण आणून देणार? जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफ कंपनीने १९९४ मध्ये वर्षाला १५ हजार टनाचा प्लांट उभा केला, चालला पण, आणि दोन वर्षांत बंद केला, कारण पुरेसा कचरा परवडेल अशा अटींवर मिळेल याची खात्री होईना. जपानमध्ये साप्पोरोला २००० साली मोठा प्लांट आला, पीव्हीसी मिसळलेला घरगुती कचरा घेणारा, क्लोरीन काढायचा टप्पा सकट सगळं व्यवस्थित, तो दहाएक वर्षं चालला आणि मग तोही बंद. एवढी शिस्तीत कचरा वेगळा करणारी माणसं, आणि तिथे ही गत.

आणि इथेच खरा पेच आहे बघा. या यंत्राला जे प्लास्टिक सगळ्यात जास्त आवडतं, म्हणजे स्वच्छ वेगळं केलेलं पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, तेच भंगारवाल्यालाही हवं असतं, कारण ते वितळवून परत दाणे करता येतात आणि त्यात खर्चही कमी आणि ऊर्जाही कमी लागते. जे कोणालाच नको असतं, चिखलात माखलेलं, थरांचं, मिसळलेलं, ते यंत्रालाही झेपत नाही किंवा मारून मुटकून झेपतं. त्या दोघांच्या मधे जो पट्टा आहे, पातळ पिशव्या, पुड्यांचे रॅपर, एक-दोनदा रिसायकल होऊन दमलेलं प्लास्टिक, तिथे या तंत्राला खरी जागा आहे असं माझं मत.

प्रश्न: पण हे ग्रीन फ्युएल आहे ना? कचरा पण जातो आणि इंधन पण मिळतं, दोन्ही फायदे.

ग्रीन म्हणवत नाही. यातला कार्बन जमिनीखालूनच आलाय, मधे काही दिवस पिशवी होऊन फिरला एवढंच. एक लीटर डिझेल जाळलं की साधारण २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, हे पिशवीतून आलेल्या डिझेललाही लागू. युरोपियन युनियनच्या २००८ च्या कचरा कायद्यात तर सरळ लिहिलंय की कचऱ्याचं इंधन केलं तर त्याला रिसायकलिंग म्हणता येणार नाही, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण तेल एकदा जळलं की पुढच्या पिशवीसाठी नवीन तेल लागणारच.

तरी पण उघड्यावर पेटवणं किंवा नदीत जाणं याच्यापेक्षा हे कितीतरी बरं, त्यात वाद नाही. २०१७ साली आलेल्या एका गाजलेल्या हिशेबानुसार २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं होतं, त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं, आणि त्या कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल, १२ टक्के जाळलं, बाकी ७९ टक्के जमिनीत नाहीतर उघड्यावर पडलंय. एवढा ढीग असताना एखादा मार्ग सरसकट नाकारण्यात अर्थ नाही. पण "इंधनाचा प्रश्न सुटला" म्हणणाऱ्यांनी पण जरा थांबावं, वर्षाला प्लास्टिक बनतं ४० कोटी टनांच्या वर आणि कच्चं तेल उपसलं जातं ४०० कोटी टनांच्या वर, सगळंच्या सगळं प्लास्टिक तेल करून टाकलं तरी दहावा भाग भरणं कठीण.

प्रश्न: खाली जो काळा कोळसा उरतो त्याचा खत म्हणून उपयोग होईल का?

नाही, झाडांना घालू नका. लाकडाचा कोळसा वेगळा, यात प्लास्टिकमधले रंग, फिलर, जुन्या मालात असतील तर शिसं-कॅडमियमसुद्धा, सगळं एकवटून येतं. तपासणी करून ठीक निघाला तर सिमेंटच्या भट्टीत जातो.

प्रश्न: एक कंपनी पार्टनरशिप देतेय, प्लांट ते बसवून देणार, "कुठलंही प्लास्टिक टाका, झिरो पोल्युशन, तेल आम्हीच विकत घेऊ". पैसे गुंतवू का?

कंपनी मला माहीत नाही त्यामुळे हो-नाही सांगत नाही, पण त्यांच्याकडे जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवून हे विचारा. दुसरीकडे बसवलेला प्लांट सलग किती दिवस चालतो आणि मेण-कार्बन साफ करायला किती दिवस बंद असतो, तो स्वतः जाऊन बघता येईल का, आणि आधी न कळवता जाता येईल का. पीव्हीसी आलं तर काय करता, यावर "येतच नाही" असं उत्तर आलं तर समजून जा. तेलाचा लॅब रिपोर्ट मागा, त्यात क्लोरीन आणि फ्लॅश पॉइंट हे दोन रकाने आहेत का पाहा, नुसती उष्णता किती ते दाखवत असतील तर ती चांगली येणारच, पॉलिइथिलीनच्या तेलाची उष्णता डिझेलच्या जवळपासच असते. किलोला किती तेल हे सांगताना त्यांनी माल ओला-मळकट धरलाय का धुतलेला वाळवलेला, कारण आणलेल्या कचऱ्यात पाणी आणि माती बरीच असते आणि ती तुम्ही वजनाने विकत घेणार. चिमणीतून काय जातं त्याची मोजणी कोणी केली, प्रदूषण मंडळाची परवानगी कोणाच्या नावावर असणार, तुमच्या का त्यांच्या. आणि तेल "आम्हीच घेऊ" हे करारात किती वर्षांसाठी, कुठल्या भावाच्या हिशेबाने लिहिलंय, कच्च्या तेलाचा भाव पडला तर काय, कारण तो पडला की हा धंदा सगळ्यात आधी मार खातो.

या सगळ्यावर कागद मिळाले तर मग सीएला दाखवा. नुसती फॅक्टरीची व्हिजिट आणि जेवण मिळालं तर जेवून परत या.